कोपेश्वराच्या देखभालीचा इतिहास

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या दक्षिण दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. लिपी देवनागरी. काळ दिला आहे शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र महिना, सूर्यग्रहणाचा पर्वकाळ. इसवी सनाच्या हिशेबाने हे १२१३ साल. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने मिरिंज देशातले, म्हणजे मिरज प्रांतातले, कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराला दिले, अशी त्यात नोंद आहे.

संस्थेचा इतिहास स्थापनेपासून सांगायला घ्यावा, अशी स्मरणिकांची रीत. पायाभरणी अमक्या दिवशी, अमक्यांच्या हस्ते, कोनशिला अशी अशी. कोपेश्वराच्या भिंतीवर कोनशिला नाही, पण जमाखर्चाची ही नोंद आहे. देवळे कोणी बांधली हे आपण हौसेने विचारतो. बांधल्यानंतर त्यांची झाडलोट कोणी केली, दिव्याला तेल कोणी घातले, निखळलेला दगड कोणाच्या पैशाने बसवला, हे फारसे कोणी विचारत नाही. आठशे वर्षांहून जुने हे मंदिर आज आपल्यासमोर उभे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे. म्हणून हा इतिहास देखभालीच्या बाजूने लिहिला आहे.

त्या काळी देवाला गाव देणे म्हणजे त्या गावाचे उत्पन्न लावून देणे. खर्चाची खाती ठरलेली असत. अंगभोग म्हणजे देवाचे स्नान, गंध, फुले, दिवा, नैवेद्य. रंगभोग म्हणजे मंडपातले गायन, वादन, नर्तन. तिसरे खाते जीर्णोद्धाराचे, म्हणजे मोडले-फुटले ते नीट करण्याचे. हे तिसरे खाते आपल्या भागातल्या लेखांत वारंवार भेटते. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला शके १०६५ चा जैन लेख किंवा कागलजवळच्या बामणीचा शके १०७३ चा लेख पाहावा. दोन्ही शिलाहार राजा विजयादित्याच्या वेळचे. देवाची पूजा, मुनींचा आहार आणि देवळाची दुरुस्ती यांची सोय दोन्हींत एकाच दानात केलेली आहे. पूजा आणि दुरुस्ती ही तेव्हा दोन वेगळ्या खात्यांची कामे नव्हती. आज ती आहेत, आणि कोपेश्वराच्या अलीकडच्या सत्तर वर्षांतल्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

मंदिराचे मोठे काम शिलाहारांच्या काळातले. कोल्हापूरचे शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, महालक्ष्मीचे भक्त. कोल्हापूर, वळवाड, पन्हाळा ही त्यांची राजधानीची ठिकाणे. त्यांच्यातला गंडरादित्य बाराव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत राज्यावर होता. कोपेश्वराच्या उभारणीशी त्याचे नाव जोडले जाते, आणि त्याचा मुलगा विजयादित्य याच्या अखेरीपर्यंत काम चालले असे मानतात. गंडरादित्याने गंडसमुद्र नावाचे तळे बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत या तिघांची देवळे उभारल्याची नोंद ताम्रपटात आहे. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण जैन मंदिर बांधले. हे लक्षात ठेवले की खिद्रापुरात कोपेश्वरापासून हाकेच्या अंतरावर आदिनाथाचे मध्ययुगीन जैन मंदिर का आहे, याचे नवल वाटत नाही. गावात आजही दोन्हीकडे घंटा वाजते.

आता वास्तूकडे येऊ. कुरुंदवाडहून अकिवाट, टाकळी करत गावात शिरलेल्या माणसाला मंदिर लांबून दिसत नाही. सपाट काळी जमीन, ऊस, कृष्णेचे वळण, घरांची दाटी. आणि एकदम दगडी दरवाजा. आत गेले की समोर स्वर्गमंडप. त्यात ४८ खांब. मधले बारा वर्तुळात उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. सुमारे १३ फूट व्यासाचे गोल आकाश आहे. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल गुळगुळीत शिळा. छताच्या कडेने, बारा खांबांच्या आतल्या बाजूने, दिक्पाल आणि इतर देवता आपापल्या वाहनांसह बसवल्या आहेत. कार्तिकेय, गणपती, कुबेर, यम, इंद्र वगैरे मंडळी वरून खाली पाहत असतात आणि येणारा माणूस मान वर करून त्यांच्याकडे.

हे गोल गवाक्ष मुद्दाम ठेवलेले की घुमट पुरा व्हायचा राहिला, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. काम अर्धवट राहिले म्हणणाऱ्यांच्या बाजूने राजकीय उलथापालथीचा पुरावा आहे. यज्ञाचा धूर जाण्यासाठी ठेवले, हे सांगणे ऐकायला बरे, पण खालच्या शिळेवर जाळाची खूण नाही. माझे मत विचाराल तर कडेच्या दगडांची सफाई पाहून हे अपुरे काम वाटत नाही. रोममधल्या पँथिऑनच्या घुमटालाही असाच उघडा गोल आहे, आणि तो दुसऱ्या शतकापासून पावसासकट तसाच आहे. पण तो घुमट काँक्रीटचा एकसंध. इथे चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून, वजनावर वजन तोलून कडे तयार केले आहे. एक दगड सरकला तर शेजारच्या दोघांना त्याचा भार घ्यावा लागतो. देखभालीच्या दृष्टीने ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

खांब काळ्या बेसाल्टचे. त्यांवर चरकावर धरून घासल्यासारख्या गोल कडा आहेत, इतक्या एकसारख्या की बोट फिरवले तर कुठे अडत नाही. चालुक्य घडणीच्या देवळांत ही तऱ्हा सगळीकडे दिसते. लक्कुंडी-इटगीकडे गेलेल्यांना ती ओळखीची असेल. स्वर्गमंडपामागे सभामंडप, मग अंतराळ, मग गर्भगृह. बाहेर स्वर्गमंडपाचा उजेड आणि आत सभामंडपाचा अंधार यांत फरक एवढा की डोळे स्थिरावायला थोडा वेळ द्यावा लागतो. हा वेळ बरेच पर्यटक देत नाहीत. फोटो काढतात आणि निघतात.

बाहेरच्या बाजूने फिरताना खाली गजपीठ लागते. हत्तींची रांग मंदिराचा भार पाठीवर घेऊन उभी आहे आणि प्रत्येकाच्या पाठीवर देवता आहेत. मोजदाद ९२ ची सांगतात. वरच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग, पंचतंत्रातल्या गोष्टी, सुरसुंदरी, वादक, योद्धे. यांतल्या कित्येकांचे हात, नाक, सोंड तुटलेली आहे. शिखर मात्र मूळचे नव्हे. खालचा दगड आणि वरचे विटा-चुन्याचे काम यांतला फरक जाणकार नसलेल्या डोळ्यालाही कळतो. कोणीतरी, शिलाहारांनंतर पुष्कळ काळाने, उघड्या गर्भगृहावर पाणी गळू नये म्हणून हाताशी असलेल्या सामानाने छत्र उभे केले. कलेच्या इतिहासात त्या माणसाला जागा नाही. या इतिहासात आहे.

कार्तिक पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या गवाक्षावर येतो आणि खालच्या शिळेवर चांदण्याचा गोल पडतो, हे आता महाराष्ट्रभर माहीत झाले आहे. त्या रात्री गाव दिव्यांनी उजळते आणि मोटारींच्या रांगा पार टाकळीपर्यंत लागतात. यामागचे गणित सोपे आहे. खिद्रापूर साधारण १६.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला जितका कललेला असतो, पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला साधारण तितकाच असतो, म्हणजे पंधरा ते वीस अंशांच्या आसपास. म्हणून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी तिरकी असल्यामुळे सगळी वर्षे सारखी नसतात; एखाद्या साली गोल शिळेवर नेमका बसतो, एखाद्या साली बाजूला सरकतो. सूर्यही वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यातला तो दिवस पाहायला कोणी येत नाही, आणि ऑगस्टमध्ये ढग असतात. स्थपतींनी चंद्र पाहूनच गवाक्ष ठेवले, असे या गणितावरून सिद्ध होत नाही. आकाश डोक्यावर आहे हे मात्र त्यांना नीट माहीत होते.

कोपेश्वरासमोर नंदी नाही. शंकराच्या देवळात हे चुकल्यासारखे वाटते आणि येणारा प्रत्येक जण विचारतो. गावाची कथा अशी: दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, तिने तिथे देह ठेवला, आणि शंकर कोपला. त्याची समजूत घालायला विष्णू आला. म्हणून गर्भगृहात दोन लिंगे, एक कोपेश्वर आणि दुसरे धोपेश्वर, म्हणजे विष्णू. नंदी सतीबरोबर गेला तो तिकडेच राहिला. तो आहे यडूरला, कृष्णाकाठीच, आता कर्नाटकात. राज्यांची सीमा आखताना देव एका राज्यात आणि वाहन दुसऱ्या राज्यात पडले, याची तक्रार अजून तरी दोघांपैकी कोणी केलेली नाही.

सीमेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगायला हवे. मंदिराच्या आतबाहेर डझनभर शिलालेख आहेत. सिंघणाचा संस्कृत लेख सोडला तर बाकी सगळे कन्नड भाषेत आणि कन्नड लिपीत. नदीपलीकडे जुगूळ, त्यापुढे शिरगुप्पी, ही आज बेळगाव जिल्ह्यातली गावे. खिद्रापूरची सोयरीक, बाजार आणि जत्रा या नदीच्या दोन्ही तीरांवर आहे. मंदिर मराठी की कन्नड, हा वाद घालणाऱ्यांनी भिंतीसमोर उभे राहून आधी ते लेख पाहावेत. त्यांतले एक-दोनच आता धड वाचता येण्याजोगे उरले आहेत. भाषेच्या भांडणापेक्षा ही जास्त तातडीची गोष्ट.

गावाच्या नावाबरोबर एक जुनी लढाईही सांगितली जाते. १०५४ साली चालुक्य राजा पहिला सोमेश्वर आणि चोळ राजा राजाधिराज यांची गाठ कोप्पम येथे पडली. राजाधिराज हत्तीवर असताना मारला गेला. चोळांच्या लेखांत पुढे त्याचा उल्लेख हत्तीवर देह ठेवलेला राजा असाच येतो. त्याच्या धाकट्या भावाने, दुसऱ्या राजेंद्राने, रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला आणि कोल्हापुरात जयस्तंभ रोवला, असे चोळांचे म्हणणे. हे कोप्पम म्हणजे आपले खिद्रापूर, असे कोरीव लेखांचा इंग्रज अभ्यासक फ्लीट याने सुचवले. इतरांनी ते कर्नाटकातल्या कोप्पळकडे नेले. कोल्हापूरच्या जयस्तंभाचा उल्लेख फ्लीटच्या बाजूने जातो, पण एवढ्यावर गावाच्या वेशीवर फलक लावू नये.

पुन्हा १२१३ कडे. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज पन्हाळ्यावर होता. सिंघणाने त्याचा पराभव करून हे राज्य यादवांच्या घशात घातले. यादवांचे लेख भोजाला पन्हाळ्याचा साप म्हणतात आणि सिंघणाला गरुड. या विजयानंतर लगेचच कोपेश्वराचे दान झाले, हे तारखांवरून दिसते. जिंकलेल्या मुलखात पहिल्यांदा काय करायचे, तर तिथल्या देवाचा खर्च चालू ठेवायचा. यात भक्ती किती आणि राजकारण किती, हे वेगळे काढता येणार नाही. मंदिराला त्याचा फायदा झाला. मालक बदलला, पण दिवाबत्ती थांबली नाही.

यादवांनंतर बहामनी, मग आदिलशाही. गावाचे आजचे नाव याच मुसलमानी अमदानीतले. मूर्तींची मोडतोड केव्हाची, असे गावात विचारले की औरंगजेबाच्या स्वारीचे नाव ऐकू येते. १७०१ साली त्याने पन्हाळा घेतला, त्याच्या फौजा या मुलखात होत्या, हे खरे. पण तुटलेली प्रत्येक सोंड एकाच दिवशी तुटली, असे समजायचे कारण नाही. वीज, पूर, झाडांची मुळे, वर चढणारी पोरे आणि जुने दगड घरच्या पायाला नेणारी माणसे यांनीही शतकानुशतके आपापला वाटा उचललेला असतो. देवळाच्या इतिहासात एकच शत्रू सापडला की बाकीच्यांकडे दुर्लक्ष होते.

या साऱ्या काळात पूजा चालू राहिली. आपल्या भागातल्या शिवमंदिरांत हे काम परंपरेने गुरवांच्या घराण्यांकडे असते. राजे बदलतात, ताम्रपट हरवतात, इनामे कमी-जास्त होतात. गुरवाच्या घरातला कोणीतरी पहाटे उठून गाभारा झाडतो. रोज झाडलेल्या गाभाऱ्यात मुंग्यांचे वारूळ होत नाही आणि पिंपळाचे रोप दोन पानांच्या वर जात नाही. संवर्धनाच्या भाषेत याला मोठे नाव असेल. खिद्रापुरात याला झाडलोट म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात मंदिर कागदावर आले. १८८६ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कोल्हापूर खंडात खिद्रापूर आणि त्याच्या देवळाची नोंद झाली. लेखांचे ठसे घेतले गेले, वाचने छापली गेली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५४ साली कोपेश्वर मंदिर राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची निळी पाटी दारात लागली. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा मोठा संग्रह तयार केला. त्यांचे मराठी पुस्तक १९७४ चे आणि इंग्रजी खंड १९७७ चा. शिलाहारांविषयी आज आपण जे ठामपणे बोलतो, त्याचा बराच भाग मिराशींच्या टेबलावरून आलेला आहे.

निळी पाटी लागली आणि जुन्या दानांत एकत्र असलेली खाती वेगळी झाली. दुरुस्ती सरकारकडे, पूजा गावाकडे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने पूजेला हरकत नाही. उलट पूजास्थानाचा गैरवापर आणि विटाळ होऊ नये, यासाठी त्यात स्वतंत्र कलम आहे. पण खिळा ठोकायचा तर परवानगी, दिवे टांगायचे तर परवानगी, फरशी हलवायची तर परवानगी. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मनाई, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रित. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दिल्लीत बसून नकाशावर १०० मीटरचे वर्तुळ काढणे सोपे आहे. खिद्रापुरात त्या वर्तुळात माणसांची घरे आहेत, मंदिराइतकी नव्हे तरी पिढ्यान्‌पिढ्यांची. पुराने पडलेली भिंत उभी करायची तर आधी अर्ज करावा लागतो. हे जाचक आहे, आणि तसे म्हणणाऱ्या गावकऱ्यावर वारसाद्रोहाचा शिक्का मारणे अन्यायाचे. पण हेही खरे, की हा नियम नसता तर गजपीठाला खेटून एव्हाना तीन मजली लॉज उभे राहिले असते. नृसिंहवाडीला नदीकाठाचे काय झाले ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. तक्रार नियमाबद्दल नसावी, अर्जाला लागणाऱ्या वेळाबद्दल असावी. पूरग्रस्त घराच्या दुरुस्तीला नव्या बांधकामाच्या रांगेत उभे करू नये, एवढी मागणी तरी रास्त आहे.

गेल्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे पूर. कृष्णेचा पूर शिरोळ तालुक्याला नवा नाही. नृसिंहवाडीत पुराचे पाणी दत्तमंदिराच्या दक्षिण दाराने बाहेर पडते, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला आपण पुराच्या पाण्यात भक्तीने उभे राहतो. पण २००५, २०१९ आणि २०२१ हे वेगळे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ती त्याहीवर गेली. हे पाणी कृष्णेत मिसळून राजापूर बंधाऱ्याकडे, म्हणजे आपल्या दारात, येते. दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, वरच्या धरणांतल्या विसर्गाचा, की नदीच्या पात्रात भराव टाकणाऱ्यांचा, हा वाद तज्ज्ञांच्या समित्यांपुढे चालू आहे. गावाने घरे सोडली, जनावरे टाकळीच्या उंचवट्यांकडे नेली. कोपेश्वराला जागा सोडता आली नाही. पाणी मंडपात शिरले, ओसरले आणि गाळ ठेवून गेले.

बेसाल्टला पाण्याची भीती नाही, असे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. दगड टिकतो, सांधे आणि पाया यांचे काय? आपली काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात शेतातल्या खोलीची भिंत कशी तडकते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्याच जमिनीवर चुन्याशिवाय रचलेले हजारो दगड उभे आहेत. पुराचा गाळ सांध्यांत बसतो, ओल धरतो, त्यात बी रुजते. गाळ ओला असताना हलक्या पाण्याने काढला तर निघतो. वाळला की खरवडावा लागतो आणि खरवडताना नक्षी जाते. म्हणून पूर ओसरल्यानंतरचे पहिले आठ दिवस महत्त्वाचे. त्या दिवसांत गावातला माणूस स्वतःच्या घरातला गाळ काढत असतो, आणि मुंबईहून तंत्रज्ञ यायला वेळ लागतो. सुधारणा करायची तर इथे करावी. पाणी, पंप आणि सांगितलेल्या रीतीने काम करणारी माणसे यांची आगाऊ व्यवस्था पुरातत्त्व विभाग आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करून ठेवली, तर बराच फरक पडेल.

चांगल्या हेतूने होणारे नुकसानही कमी नसते. फट दिसली की सिमेंट भरायची हौस आपल्याकडे आहे. सिमेंट दगडापेक्षा आडमुठे. ते ओल अडवते आणि क्षार दगडाच्या पृष्ठभागाकडे ढकलते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना असे करत नाही. कापूर आणि तेलाची काजळी कोरीवकामावर चढते, शेंदूर बुजवून टाकतो. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीचे संवर्धन २०१५ साली पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी केले, तेव्हा रोजच्या स्नानाने आणि लेपांनी मूर्तीचे काय होते, याची चर्चा गावभर झाली होती. ती चर्चा खिद्रापुरात दोन लिंगांच्या बाबतीतही व्हायला हवी, आणि ती पुजाऱ्यांना बाजूला ठेवून होऊ नये.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये खेडोपाडी आपल्या कोपेश्वराच्या वयाची चर्च आहेत, काही त्याहून जुनी. तिथल्या चर्च ऑफ इंग्लंडने १९५५ साली नियम केला, की प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी झालीच पाहिजे. छपराची गळती, भिंतीची भेग, पन्हळीत अडकलेली पाने, सगळे अहवालात लिहिले जाते. दुरुस्तीची पहिली जबाबदारी गावच्या भाविकांच्या समितीवर असते. पैसे जमवायचे, पन्हळ साफ करायची, केलेले काम वहीत लिहायचे. तिथेही १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी एक संस्था काढली होती, ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी चर्च खरवडून नवी करण्याच्या उत्साहाला आवर घालण्यासाठी. मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची काळजी घ्या, हे त्यांचे सांगणे. आपल्या गुरवांना ते कोणी सांगावे लागले नव्हते. पण वही मात्र आपण ठेवली नाही.

ती वही आता सुरू करता येईल. त्यात शास्त्रीय परिभाषेची गरज नाही. पुराचे पाणी कोणत्या तारखेला कोणत्या पायरीपर्यंत आले; कोणत्या खांबाजवळ भेग आहे आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढली का; कोणत्या सांध्यातून रोप उपटले; दीपोत्सवाला किती पणत्या लागल्या आणि त्या कुठे ठेवल्या. चार वर्षांची अशी नोंद हाताशी असली, तर पुरातत्त्व विभागाकडे जाणारा अर्ज नुसती विनंती राहणार नाही, त्यामागे पुरावा असेल. शाळेतल्या मुलांनी कन्नड लेखांची छायाचित्रे दरवर्षी एकाच जागेवरून, सकाळच्या तिरप्या उजेडात काढली, तर अक्षरे किती झिजतात हेही कळेल. कन्नड वाचणारी माणसे नदीपलीकडे पुष्कळ आहेत. जुगूळच्या शिक्षकांना बोलावावे.

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधताना १९५४ पूर्वीचे फारसे काही हाती लागले नाही. कोणाच्या घरी लग्नाच्या, जत्रेच्या किंवा पुराच्या फोटोत मागे मंदिराचा एखादा कोपरा, शिखराचा चुना किंवा आता नसलेली भिंत दिसत असेल, तर तो फोटो मागवून, त्याची प्रत काढून मूळ परत करता येईल. मागे कोणाचे लग्न, कोणते साल, एवढे लिहून द्यावे. इनामाचे जुने कागद, मोडी असले तरी, तसेच आणावेत. वाचणारे कोल्हापुरात आहेत.